पॅनल पंचवीस वर्षांचं, मग खांब किती वर्षांचा?

गेल्या वैशाखात एका संध्याकाळी वळीव आला. पाऊस थोडा, वारं फार. दिवेलागणीच्या आधी आमची जेवणं उरकतात, तशी उरकली होती आणि मी भांडी आत घेत होते. तेवढ्यात दोन रानं पलीकडून पत्रा फाटल्यासारखा मोठा आवाज आला. सकाळी जाऊन पाहिलं, तर शेजारच्या काकांच्या सोलरच्या पॅनलची आख्खी ओळ उसात आडवी पडलेली. काचेचा चुरा सरीभर पसरलेला. गडीमाणसं अनवाणी फिरतात त्याच सरीत.

मला एक गोष्ट तेव्हा फार लागली. खांब मोडला नव्हता. बुडाला लागलेल्या काँक्रीटच्या ढेकळासकट तो मुळासकट उपटलेल्या मुळ्यासारखा वर आला होता. काका म्हणाले, "पॅनल चांगल्या कंपनीचं होतं हो." ते खोटं नव्हतं. पॅनलची काहीच चूक नव्हती.

आमच्या घरात त्याच महिन्यात सोलरचं ठरत होतं. वस्तीवरचं घर कौलारू, वासे जुने. गच्ची नाही. म्हणून घरामागच्या मोकळ्या जागेत जमिनीवर खांब रोवून तीन किलोवॅटचा संच बसवायचा, असं मामंजींनी ठरवलं होतं. उसाचं बिल आलं होतं, त्यातले पैसे बाजूला काढले होते. तीन दुकानांची कोटेशन आली. घरचा हिशेब माझ्याकडे असतो म्हणून ती मी वाचली. तिन्हींत पॅनलचं नाव, वॅट, इन्व्हर्टरचं नाव, हमीची वर्षं, सगळं ठळक. आणि शेवटी एक ओळ: "स्ट्रक्चर – १ संच." बस्स, एवढंच. पाइप किती जाड, खड्डा किती खोल, गंज लागू नये म्हणून काय केलंय, एक अक्षर नाही.

मैत्रिणींनो, आज माझं मत मांडायचं आहे ते या एका ओळीबद्दल. आपण पातेलं घेताना बूड वाजवून बघतो. साडी घेताना पदर उलटा करून विणकाम बघतो. मग लाख-दीड लाखाच्या वस्तूचं बूड न बघता पैसे का मोजतो? पॅनलची हमी पंचवीस वर्षांची असते, पण ते ज्याच्यावर उभं आहे त्या खांबाची हमी कुणी मागतच नाही.

धाकट्या भावजींचं म्हणणं वेगळं होतं. "वहिनी, खांबात काय ठेवलंय? पॅनल सगळं मिळून दीड-पावणेदोनशे किलो. तेवढं तर दोन इंची पाइपसुद्धा पेलतो. उरलेल्या पैशात अजून एक पॅनल येईल." दुकानदाराचंही तेच होतं. एक फूट लांब, एक फूट रुंद, दोन फूट खोल असे चार खड्डे, त्यात दोन इंची चौकोनी पाइप, वरून लाल ऑक्साइड आणि चंदेरी रंग. दोन दिवसांत काम पूर्ण.

मी काही इंजिनिअर नाही. पण माझा माहेरचा भाचा आहे, बांधकामाच्या साइटवर काम करतो. त्याच्याकडून मी साधा हिशेब समजून घेतला. तो इथे देते, कारण यात गणित सातवीच्या वरचं नाही.

सोलरच्या खांबाला वजनाचं भय नसतं, वाऱ्याचं असतं. पॅनलचं वजन खाली दाबतं, वारा मात्र खालून शिरून वर उचलतो. वारं सुटल्यावर दोरीवरची चादर कशी फुगते, तसं. आपल्या देशात इमारतीवर वाऱ्याचा जोर किती धरायचा याचं मानक आहे, आयएस ८७५ भाग ३. त्याच्या नकाशात पुण्यापासून आमच्या सांगली-कोल्हापूरपर्यंतच्या पट्ट्याला सेकंदाला ३९ मीटर वेग धरायला सांगितलाय. म्हणजे ताशी १४० किलोमीटर. मुंबईला तो ४४ मीटर. असा वारा रोज येत नाही, पण पंचवीस वर्षांत एकदा आला तरी पुरे.

३९ मीटर वेगाच्या वाऱ्याचा दाब एका चौरस मीटरला साधारण ९३ किलो भरतो. आमची पॅनल सहा, प्रत्येकी ५४० वॅटची. एक पॅनल साधारण अडीच चौरस मीटरचं, म्हणजे सहा मिळून पंधरा चौरस मीटर. गुणाकार करा: चौदाशे किलो! पॅनलच्या कलाप्रमाणे हा आकडा कमी-जास्त होतो, तो नीट काढायला जाणकारच हवा. पण अंदाज यायला एवढं बास.

आता दुसरी बाजू. एक बाय एक बाय दोन फुटांच्या खड्ड्यात बसतं साधारण १३५ किलो काँक्रीट. चार खड्ड्यांचं साडेपाचशे. त्यात पॅनलचं आणि लोखंडाचं वजन धरलं तरी नऊशेच्या वर जात नाही. उचलणारा चौदाशे, धरून ठेवणारा नऊशे. काकांचा खांब का उपटला, ते मला त्या कागदावर दिसलं. आणि वेग दुप्पट झाला की दाब दुप्पट नाही, चौपट होतो. म्हणून "आजवर काही झालं नाही" या बोलण्याला वाऱ्यापुढे किंमत नाही.

त्यात आमची जमीन काळी. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगा पडतात, हे शेतकऱ्याच्या पोरीला सांगायला नको. फुगताना ती खांबाला वर ढकलते, आकसताना त्याच्याभोवती पोकळी करते. दोन-तीन वर्षांत खांब हलायला लागतो. रुरकीच्या केंद्रीय भवन अनुसंधान संस्थेने अशा मातीसाठीच घरांना वेगळा पाया शोधून काढला. वर बारीक आणि बुडाशी फुगीर, भेगांच्या थराखाली जाऊन पकड घेणारा. आपल्याला एवढं मोठं काम करायचं नाही, पण त्यातली समज घ्यायची. मामंजींनी ती आपल्या पद्धतीने घेतली. फाल्गुनात रान वाळलेलं असताना त्यांनी जमिनीच्या भेगेत तुरीची काठी घालून बघितली. काठी तीन फुटांपर्यंत आत गेली. "इथवरची माती आपली नव्हे," ते म्हणाले. खाली साडेतीन फुटांवर मुरूम लागला. मुरमात आणखी एक फूट जायचं ठरलं.

असे आमचे खड्डे साडेचार फूट खोल झाले, लांबी-रुंदी दोन-दोन फूट. एका खड्ड्याला चार पोती सिमेंट, म्हणजे एकूण सोळा. दुकानदाराच्या पद्धतीने दोन पोत्यांत भागलं असतं. भावजी दोन दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत. पण आता चार खड्ड्यांचं वजन जवळजवळ पाच टन झालं, आणि बूड मुरमात गेलं.

पाइपबद्दल आता सांगते. बाजारात पाइप "जाड आहे हो" म्हणून विकतात. त्यावर विश्वास न ठेवता दोन गोष्टी बघा. जीआय पाइपवर रंगाची पट्टी असते. पिवळी म्हणजे हलका, निळी म्हणजे मध्यम, लाल म्हणजे जड. आम्ही तीन इंची निळ्या पट्टीचा घेतला, जाडी चार एमएम. दुसरी गोष्ट, काट्यावर घाला. या पाइपचं मीटरला वजन साडेआठ किलोच्या आसपास भरतं. पट्टी खोटी रंगवता येते, काटा खोटं बोलत नाही. आणि दोन इंची पाइप जाड घेण्यापेक्षा घेर मोठा घेतलेला बरा. जाडी तीच ठेवून घेर दुप्पट केला, तर वाकण्याला विरोध साधारण आठपट होतो.

गंजाचंही असंच. जस्ताच्या वितळलेल्या कढईत बुडवून काढलेला पाइप वेगळा आणि पातळ जस्ताच्या पत्र्यापासून वळवलेला चकचकीत पाइप वेगळा. सोलरच्या सांगाड्याला साधारण ८० मायक्रॉन जस्त असावं अशी अपेक्षा असते. त्या चकचकीत पाइपवर कित्येकदा आठ-नऊ मायक्रॉनच असतं. दुकानात दोन्ही सारखेच चमकतात. चार पावसाळ्यांनी फरक कळतो. जिथे वेल्डिंग होतं तिथलं जस्त जळतं, म्हणून त्या जागी जस्ताचा रंग लावून घेतल्याशिवाय कारागिराला सोडायचं नाही. आणि काँक्रीट जमिनीच्या वर सहा इंच काढून त्याला चारी बाजूंनी उतार द्यायचा. खांब गंजतो तो मातीच्या तोंडाशी, पाणी साचून.

लाकडी खांबाचंही एकाने सुचवलं, नीलगिरीचे. मी नको म्हटलं. लाकडाला वाळवी येणार, मग दरवर्षी बुडाशी औषध ओतावं लागणार. वाळवी मारण्यासाठी औषध विकत आणायचं आणि वर सूर्याची शुद्ध वीज म्हणायचं, हे माझ्या मनाला पटेना.

आता जे सांगायचं आहे, ते लिहावं की नाही असा विचार महिनाभर करत होते. आमच्या घरामागे बोअरच्या जुन्या केसिंग पाइपचा एक खांब होता. पूर्वी त्यावर डिश होती. डिश गेली, खांब राहिला. तोच सोलरला वापरू, पैसे वाचतील, म्हणून भावजींनी तो कापून आडवा केला. मोकळ्या तोंडातून आधी गवत-काड्या बाहेर पडल्या. मग पिसं. मग बारीक हाडं. साळुंकीची असावीत, चिमणीचीही असावीत. एक-दोन नव्हे, मूठभर होती.

पक्ष्याला पाइपचं तोंड झाडाच्या ढोलीसारखं वाटतं. तो आत उतरतो. आत भिंत गुळगुळीत, पंख पसरायला जागा नाही, नखांना पकड नाही. वर येता येत नाही. अमेरिकेत नेवाडासारख्या भागात खाणीची हद्द दाखवणाऱ्या पोकळ पाइपांत असेच पक्षी मरत होते, आणि तिथे ते पाइप काढून टाकायचे नियम करावे लागले, हे मला नंतर वाचून कळलं.

तो पाइप माझ्या स्वयंपाकघरापासून तीस पावलांवर होता. मी लग्न होऊन आले तेव्हापासून पाणी गाळूनच भरते. धान्य निवडताना सोंडा दिसला तर हलक्या हाताने बाहेर सोडते. आणि तीस पावलांवर वर्षानुवर्षं हे चाललं होतं. कुणी मुद्दाम केलं नव्हतं. कुणी बघितलंच नव्हतं. आपल्याकडे गृहस्थाला घरकामातली आणि शेतीतली हिंसा पूर्ण टाळता येत नाही, हे मान्य केलेलं आहे. पण प्रमादाला, बेफिकिरीला, सूट कुठेच नाही. त्या दिवशी मी प्रतिक्रमणाला बसले तेव्हा मनात दुसरं काही आलंच नाही.

म्हणून माझं सांगणं आहे की खांबाचं तोंड बंद करणं हे शेवटी राहिलेलं बारीकसारीक काम समजू नका. वरची प्लेट पाइपचं तोंड पूर्ण झाकेल एवढी घ्या. क्लॅम्पने जोडणार असाल तर तोंड उघडं राहतं, तिथे नळाच्या दुकानात मिळणारी जीआय कॅप बसवा. आडव्या पाइपांची टोकंही बंद करा. फार महागाची वस्तू नाही. पाणीही आत जात नाही, गंजही लागत नाही. दयेसाठी करा, नाहीतर गंजासाठी करा, पण करा.

खड्ड्यांचंही तसंच. एका श्राविका ताईंनी मला विचारलं, "एवढे मोठे खड्डे म्हणजे जास्त जीवहिंसा नाही का?" प्रश्न बरोबर आहे, मी त्यावर विचार केला. लहान खड्डा केला आणि सांगाडा पडला, तर दुसऱ्यांदा खणावं लागणार. काचेचा चुरा रानात पसरणार. एखादं माणूस खाली सापडलं तर? एकदाच, बघून, सावकाश खणलेला मोठा खड्डा मला कमी दोषाचा वाटतो. चातुर्मासात खणायचं नाही हे आपण पाळतोच. त्या दिवसांत जमिनीत जीव फार. गंमत म्हणजे काळ्या मातीत पावसाळ्यात पाया घ्यायचा नाही, हे भाच्याचंही म्हणणं. भिजून फुगलेल्या मातीत खड्ड्याच्या बाजू ढासळतात आणि भेगा कुठवर जातात ते दिसत नाही. कार्तिकी पौर्णिमेनंतर आणि वळवाच्या आधी, हाच काळ बरा.

खणलेला खड्डा रात्रभर उघडा ठेवू नका. आम्ही पहिल्या दिवशी ठेवला आणि सकाळी आत दोन बेडूक आणि एक सरडा. गड्याने सुपात घेऊन वर काढले. मग रोज संध्याकाळी फळी झाकायची आणि आत एक तिरकी काठी टाकायची, कुणी पडलंच तर चढून येईल. काँक्रीट ओतायच्या आधी बॅटरी लावून तळ बघायचा. पाच मिनिटांचं काम आहे.

काँक्रीट ओतल्यावर घाई चालत नाही. कारागीर म्हणाला, परवा पॅनल चढवू. मी म्हटलं, अजिबात नाही. पोती भिजवून खांबाच्या बुडाला गुंडाळली, दहा दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी घातलं. पॅनल तीन आठवड्यांनी चढली. पाइपच्या बुडाला आडव्या सळया घालून घेतल्या होत्या, नाहीतर गुळगुळीत पाइप काँक्रीटमधून फिरतो किंवा सरकून निघतो. उंचीही बेताची ठेवली. पुढची कड तीन फूट, कल सतरा अंश दक्षिणेला, मागची कड साडेसात फुटांच्या आत. खाली गाई बांधता येतील म्हणून दहा फूट उंच करा, असं भावजींचं म्हणणं होतं. उंची वाढली की वारा खांबाला तितक्याच जास्त लांबीने वाकवतो. मग पाइप मोठा, खड्डा मोठा, सगळंच वाढवावं लागतं. गाईंना गोठा आहे.

या सगळ्याचा जास्तीचा खर्च एकोणीस हजार आला. आमच्यासारख्या घरात ही लहान रक्कम नाही. सातवं पॅनल आलं नाही, आणि माझी शिलाई मशीन पुढच्या वर्षावर गेली. तरी मला वाटतं, पैसे कमी असतील तर पॅनल कमी घ्या, खांब कमी करू नका. चार पॅनल पक्क्या पायावर असली तर पुढे आणखी दोन घेता येतात. कच्च्या पायावरची सहा एका संध्याकाळी शून्य होतात.

आणि विकणाऱ्यांनाही माझं एक म्हणणं आहे. "स्ट्रक्चर – १ संच" ही ओळ बंद करा. पाइपचा घेर, जाडी, मीटरचं वजन, जस्त किती मायक्रॉन, खड्डा किती, काँक्रीट कोणतं, हे लिहून द्या. ज्यांना "मागेल त्याला सौर कृषी पंप" योजनेतून दहा टक्के किंवा पाच टक्के भरून पंप मिळतो, त्यांचे खांब नेमलेली एजन्सी उभे करते. पण त्या दिवशी घरातल्या कुणीतरी रानात उभं राहून खड्ड्यात टेप टाकावा. सरकारी पैसा असला तरी खाली वावरणारं माणूस आपलं असतं.

मंदिरासमोर मानस्तंभ उभा राहतो तेव्हा आपण मान वर करून शिखराकडे बघतो. आमच्या गावच्या मानस्तंभाचा पाया खणला तेव्हा मामंजी तरुण होते. ते म्हणतात, वर दिसतो त्याहून आधी महिनाभर आम्ही खालीच काम करत होतो, लोक हसायचे की अजून काही दिसत का नाही. घरामागच्या खांबांचे खड्डे बुजले त्या संध्याकाळी त्यांनी हे सांगितलं, भावजींकडे बघून.

यंदाच्या वैशाखात पुन्हा वळीव आला. मी खिडकीत उभी राहिले. शेवग्याची एक फांदी मोडून पॅनलवर पडली आणि घसरून खाली गेली. खांब हलले नाहीत. पाऊस थांबल्यावर भावजी कंदील घेऊन बाहेर गेले, चारही खांबांना हात लावून आले आणि काही न बोलता पाय धुऊन आत गेले.

तुमच्या रानात, गोठ्याशेजारी, जुन्या फाटकाला एखादा उघड्या तोंडाचा पाइप उभा असेल. सोलर घ्या किंवा घेऊ नका, आज त्याच्यावर झाकण बसवा. वर चढणं जमत नसेल तर नारळाची करवंटी उलटी घालून तारेने बांधा, तात्पुरती तीही चालते.

जय जिनेंद्र.